खोडलेली किंमत

बिलाच्या अगदी तळाशी, एकूण रकमेच्याही खाली, ठळक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. ‘आजची आपली बचत’, आणि पुढे आकडा. ती वाचताना मला दरवेळी गंमत वाटते. दुकानात शिरताना माझ्या पाकिटात जे होतं त्यातलं बरंचसं आता गल्ल्यात गेलेलं असतं, आणि तोच गल्ला मला सांगत असतो की बाई, आज तुम्ही कमावून निघालात. बचत ही ज्याची त्यानं मोजायची गोष्ट. ज्याला आपण पैसे दिले त्यानंच ती मोजून हातात द्यावी, हे जरा अतीच.

तरी मी सेलच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांतली नाही. कूपनं वापरते, सेलची वाट बघते, साबण संपत आला तरी चार दिवस कळ काढते. त्याच साबणाला कुणी पूर्ण पैसे देतं आणि मी पाऊणच देते, तर उरलेला पाव हिस्सा माझा, आणि त्याच्यावर पाणी सोडण्याइतकी मी विरक्त नाही. खटकतं ते एवढंच की हा पाव हिस्सा नेमका कशातला? ज्या किमतीवर रेघ मारून शेजारी लाल अक्षरांत दुसरी लिहिलेली असते, ती खोडलेली किंमत ठरवली कुणी?

एके काळी हे कोडं नव्हतं, कारण किंमत लिहिलेलीच नसायची. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा, कपडे, घाई बघून भाव सांगायचा आणि गिऱ्हाईक घासाघीस करून तो खाली आणायचं. ज्याची जीभ चालते त्याला स्वस्त, भिडस्ताला महाग. १८५२ साली अरिस्तीद बुसिको पॅरिसच्या ‘बॉन मार्शे’ या दुकानात भागीदार म्हणून आला आणि त्यानं मालावर किंमत लिहून लावण्याची पद्धत रुजवली. सगळ्यांना एकच भाव, आवडलं नाही तर परत आणा. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या जॉन वॉनामेकर या दुकानदारानंही तेच धोरण धरलं. भिडस्तांची मोठी सोय झाली (माझ्यासारख्यांची; मी भाव करायला गेले की दुकानदाराचीच बाजू मला पटायला लागते). दुकानदाराची मात्र पंचाईत झाली. थोडा कमी भाव लागला असता तर घेऊन गेलं असतं असं गिऱ्हाईक हातचं जायला लागलं, आणि जास्त द्यायला तयार असलेल्याकडूनही ठरलेलेच पैसे मिळायला लागले.

कूपन हा या दुखण्यावरचा उतारा. सुरुवात झाली ती निव्वळ चटक लावण्यासाठी. अटलांटात १८८० च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलानं एक ग्लास फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटायला घेतल्या, आणि १८९४ ते १९१३ या काळात अशा चिठ्ठ्यांवर साधारण ८५ लाख ग्लास फुकट गेले असा अंदाज आहे. पण पुढे दुकानदारांच्या ध्यानात आलं की या कागदाच्या तुकड्याचं खरं काम वेगळंच आहे. तो गिऱ्हाइकांची निवड करतो. भिंतीवर सगळ्यांना एकच किंमत दाखवायची, आणि जो कागद कापेल, जपून ठेवेल, तारीख लक्षात ठेवेल, नेमक्या दिवशी तो बरोबर आणेल, त्याला मागच्या दारानं कमी भावात द्यायचं. ज्याला एवढी यातायात करायला वेळ नाही, त्याला बहुधा पैशाची तितकी फिकीरही नाही, म्हणून तो पूर्ण भरेल. म्हणजे घासाघीसच ही, फक्त मुकी. चक्रवर्ती नरसिंहन या अभ्यासकानं १९८४ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात ही गोष्ट रीतसर मांडून दाखवली.

हे कळलं की एका जुन्या चिडचिडीचा उलगडा होतो. मोबाइलवरच्या अॅपला मी कोण हे ठाऊक असतं, काय घेते तेही ठाऊक असतं. कूपन कुठलं लागू पडतं हे त्याला क्षणात कळतं. मग ते आपोआप का लागत नाही? मला ‘कूपन गोळा करा’ असं बटण वेगळं का दाबावं लागतं, आणि दाबायला विसरले तर पूर्ण पैसे का कापले जातात? कारण अडचण हाच तर कूपनाचा प्राण आहे. ते सगळ्यांना सहज मिळालं तर तो सरळ भाव कमी करणं झालं. छापलेल्या किंवा पाठवलेल्या कूपनांपैकी अगदी थोडी वापरली जातात, आणि बाकीची वाया गेली म्हणून कुणीही हळहळत नाही.

आमच्या ताईची मात्र फारशी कूपनं वाया जात नाहीत. तिच्याकडे एक खण आहे, त्यात तारखेवार लावलेले कागद आहेत, मोबाइलमध्ये कोडांची यादी आहे, आणि कुठल्या दुकानात कुठल्या वारी दुप्पट पॉइंट मिळतात हे तिला तोंडपाठ आहे. एकदा तिनं एका मोठ्या दुकानातून जवळजवळ फुकटात सामान आणलं. पिशवीतून एकसारख्या दाढीच्या ब्लेडची पाकिटं निघायला लागली तेव्हा मी विचारलं, “ताई, घरात दाढी कोण करतं?” भावोजींनी कित्येक वर्षं दाढी राखलीय.

“अगं, फुकट होती!”

“मग आता?”

“कुणाला तरी देऊ. तू घेऊन जा दोन.”

फुकट ते पौष्टिक, हे आपल्याकडे थट्टेनं म्हणतात खरं, पण त्या पाकिटांनी तिचा अर्धा खण अडवला होता आणि ती मिळवण्यासाठी तिची एक अख्खी सकाळ गेली होती. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मी तसं म्हटलं तर ताई म्हणाली, “तू त्या वेळात मोबाइल बघत बसली असतीस.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला त्यात मजा येते, आणि मजेचा हिशेब करायला मी कोण? माझं म्हणणं एवढंच की मग त्याला छंद म्हणावं, काटकसर म्हणू नये. कारण काटकसर म्हटली की तिच्या तासांचाही भाव लावावा लागतो, आणि घरोघरी हे तास बहुतेक वेळा एकाच माणसाचे असतात. तो माणूस कोण, ते सांगायला नको.

कूपनापेक्षा मला सेल आवडतो. त्यात राबणं कमी, वाट बघणं जास्त. पण सेलही दोन जातींचे असतात. एक खरा, ज्यात दुकानदाराला माल खरोखर काढायचा असतो. थंडी संपत आली, जाड कपडे पुढच्या वर्षापर्यंत ठेवायला जागा नाही, पुढच्या वर्षी तो काट आणि रंग चालेल याची खात्री नाही. यंत्राचं नवं मॉडेल येऊ घातलंय, जुनं कपाटात अडून बसलंय. तिथे मिळणारी सूट ही दुकानदाराच्या गरजेतून आलेली असते, आणि दुसऱ्याची गरज म्हणजे आपली संधी. वॉनामेकरनं १८७८ च्या जानेवारीत चादरी, अभ्रे, टॉवेल यांचा ‘पांढरा सेल’ लावला तो अशाच हिशेबानं. वर्षअखेरची गर्दी ओसरल्यावर दुकान ओस पडायचं, मग याच काळात घरातलं पांढरं कापड स्वस्त. कित्येक देशांत आजही चादरी-टॉवेलचा हंगाम जानेवारीत असतो, तो त्यामुळे.

दुसरी जात म्हणजे वेळापत्रकाचा सेल. माल अडलेला नाही, हंगाम संपलेला नाही, तरी दर काही आठवड्यांनी भाव पडतो आणि परत चढतो. साबण, कपडे धुण्याची पावडर, शांपू, टूथपेस्ट यांचे सेल बहुतेक याच जातीचे. हॅल व्हॅरियन या अर्थतज्ज्ञानं १९८० साली याची उकल केली. काही गिऱ्हाईक भावावर डोळा ठेवून असतं, काही समोर आलं ते उचलतं. भाव सतत कमी ठेवला तर दुसऱ्या गटाकडून मिळणारे जादा पैसे बुडतात; सतत जास्त ठेवला तर पहिला गट दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून भाव हलता ठेवायचा, तोही असा की पुढची घसरण कधी ते नेमकं सांगता येऊ नये.

मग समोरचा भाव खरंच पडलेला आहे की नाही, हे आपण ओळखायचं कसं? इथे आपण पुन्हा त्या खोडलेल्या किमतीपाशी येतो, कारण दुकान आपल्याला तुलनेसाठी तेवढं एकच माप देतं, आणि मनही त्यावर लगेच विसंबतं. १९८१ साली डॅनियल काहनमन आणि आमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्ही १२५ डॉलरचं जाकीट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घेताय. वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या शाखेत तोच कॅल्क्युलेटर ५ डॉलरनं स्वस्त आहे. जाल? ६८ टक्के लोक जायला तयार होते. किमतींची अदलाबदल केली, म्हणजे स्वस्त झालेला कॅल्क्युलेटरच १२५ चा आणि जाकीट १५ चं, तेव्हा जेमतेम २९ टक्के. वाचणारे पैसे तेच, वीस मिनिटं तीच, फक्त शेजारचा आकडा बदलला. आपण पैसे मोजत नाही, टक्के मोजतो. म्हणून छोट्या वस्तूवरच्या मोठ्या टक्क्यांसाठी धावपळ करतो, आणि फ्रिज घेताना तीन दुकानं फिरायचा कंटाळा करतो, जिथे एक टक्कासुद्धा महिनाभराच्या साबणाचे पैसे भरून काढील.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर म्हणतात की खरेदीत दोन सुखं असतात, एक वस्तूचं आणि एक सौदा साधल्याचं. दुसरं किती जबर असतं हे जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीला महागात पडून कळलं. रॉन जॉन्सन नावाचा नवा प्रमुख आला आणि २०१२ मध्ये त्यानं कूपनं आणि सतत चालणारे सेल बंद केले. फुगवलेला भाव लावून तो खोडायचा हे नाटक कशाला, रोजच सरळ कमी भाव लावू, असा त्याचा विचार होता. विचार चोख होता. एका वर्षात विक्री सुमारे पाव हिश्शानं घसरली, २०१३ च्या एप्रिलमध्ये जॉन्सनला जावं लागलं आणि कूपनं परत आली. लोकांना कमी किंमत नको होती असं नाही. कमी झालेली किंमत हवी होती.

या सुखाचा गैरफायदा घेणारेही आहेतच. सेलच्या आधी भाव चढवून ठेवायचा आणि मग जोरात पाडायचा. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून नियम लागू झाला की सवलत जाहीर करताना आधीच्या निदान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत हीच जुनी किंमत म्हणून दाखवायची. म्हणजे कायद्यानंसुद्धा शेवटी काय केलं, तर दुकानदाराला मागची पानं उलटायला लावली. ते काम आपल्याला कायद्याशिवायही करता येतं.

मी वही ठेवते. खर्चाची नव्हे, भावाची. खर्चाची वही आई ठेवायची, तिच्यात काय गेलं ते कळायचं. भावाच्या वहीत काय जायला हवं होतं ते कळतं. सगळ्या वस्तू त्यात नाहीत. ज्या वस्तू घरात येतच राहणार, ज्यांचा ब्रँड बदलला तरी कुणी रुसत नाही आणि ज्या टिकतात, तेवढ्याच. प्रत्येकीला एक पान. तारीख, दुकान, आणि भाव. पण पाकिटाचा भाव नाही, मापाचा. शांपू शंभर मिलिलिटरला किती. कपडे धुण्याची पावडर किलोला नव्हे, एका धुण्याला किती, कारण दाट पावडर निम्मी लागते आणि किलोच्या भावात ती उगाच महाग दिसते. टॉयलेट पेपर गुंडाळीला नव्हे, शंभर कागदांना, कारण गुंडाळी किती सैल गुंडाळायची हे कारखान्याच्या हातात आहे. मोठं पाकीट स्वस्तच पडतं हा आमच्या घरचा सिद्धान्त होता. तो वहीच्या पहिल्या काही पानांतच निकालात निघाला. आणि एकदा हातधुण्याच्या द्रवाचा भाव वर्षभर जागचा हलला नव्हता, तरी मापाचा भाव चढलेला निघाला, कारण बाटलीच बारीक झाली होती. फ्रान्समध्ये तर १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा आक्रसलेल्या मालाशेजारी तशी पाटी लावणं भाग पडलं आहे.

काही महिने गेले की पानावर तळ दिसायला लागतो. भाव वर कितीही उडू दे, खाली तो एका ठरावीक रेषेच्या आसपासच येऊन थांबतो. ती माझी किंमत. दुकानात ‘५० टक्के सूट’ असं लिहिलेलं दिसलं की मी वही काढते, आणि माझ्या तळाशी ताडून पाहिलं की कधी ते पन्नासाचे पाच टक्के निघतात, कधी उणे. दोन तळांमधलं अंतरही कळतं, आणि मग किती घ्यायचं हा प्रश्न सुटतो. पुढच्या तळापर्यंत पुरेल एवढंच घ्यायचं, त्याहून एकही जास्त नाही, मग पाटीवर काहीही असो. बल्ब वर्षानुवर्षं तसेच राहतात. पण ब्लीचचा जोर बाटलीत पडून पडून ओसरतो, दमट हवेत पावडरीचे खडे होतात, सनस्क्रीनला मुदत असते. स्वस्तात घेऊन फेकलेली वस्तू पूर्ण किमतीत घेतलेल्या वस्तूहून महाग.

टक्क्यांचं गणित मी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवलंय, कारण दुकानातल्या गाण्यात ते सुचत नाही. ५० टक्क्यांवर ‘आणखी २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६०. दुसऱ्या नगावर निम्मी किंमत, म्हणजे दोन्हींवर मिळून पाव सूट. ‘२५ टक्के जादा माल’ म्हणजे २० टक्के सूट. पुढच्या खरेदीसाठी मिळणारं २० टक्क्यांचं कूपन ही तर आज मिळालेली सूटच नव्हे. ते परत येण्याचं आमंत्रण आहे. दोन्हीकडून लागणारी सूट असेल, एक टक्क्यांत आणि एक ठोक, तर टक्के आधी कापून घ्यायचे: हजाराचे दहा टक्के गेले की नऊशे, त्यातून ठोक शंभर गेले की आठशे. उलट केलं तर आठशेदहा. दहाच्या फरकासाठी काउंटरवर वाद घालू नये हे मला कळतं. ताई घालते.

या सगळ्या शहाणपणाला एक अट आहे आणि ती मला अस्वस्थ करते. तळ सापडला त्या दिवशी हातात पैसे हवेत, आणि आणलेलं ठेवायला घरात जागा हवी. येशिम ओर्हुन आणि माइक पालाझोलो या संशोधकांनी एक लाखाहून अधिक अमेरिकन कुटुंबांची टॉयलेट पेपरची खरेदी अनेक वर्षांच्या नोंदींतून तपासली. कमी उत्पन्नाची घरं स्वस्त ब्रँड निवडतात, पण मोठा गठ्ठा घेणं आणि सेलसाठी थांबून किंवा आधीच साठा करून ठेवणं त्यांना श्रीमंत घरांपेक्षा कमी जमतं, असं त्यांना दिसलं. महिन्याच्या सुरुवातीला हातात रोकड असते तेव्हा मात्र हा फरक कमी होतो. म्हणजे अक्कल कमी नसते, खेळतं भांडवल कमी असतं. ‘गरिबांना हिशेब कळत नाही’ असं कुणी म्हणालं की मला हा अभ्यास आठवतो आणि मग मी जरा जास्तच बोलते.

अॅपवरच्या खरेदीत वही थोडी अपुरी पडते, कारण तिथे माझ्यासाठीचा भाव आणि तुमच्यासाठीचा भाव वेगळा असू शकतो. जी वस्तू मी न चुकता घेते तिच्यावर मला कूपन क्वचितच येतं. जी घेणं सोडलं तिच्यावर लगोलग. निष्ठेला तिथे दंड आहे. म्हणून सामान कार्टमध्ये भरून तसंच सोडून देणं हा माझा आवडता उद्योग झालाय. एक-दोन दिवसांत ‘काही विसरलात का?’ असा निरोप येतो, कधी कधी सोबत कोडही. आणि नाही आला तरी बिघडत नाही, कारण तेवढ्या वेळात कार्टमधल्या निम्म्या वस्तू मला नकोशा झालेल्या असतात. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून आणखी काहीतरी टाकण्याचा मोह हा वेगळाच प्रकार. डिलिव्हरीचे पैसे डोळ्यांना फार खुपतात, आणि ते वाचवायला घेतलेलं तिप्पट किमतीचं काहीबाही मात्र सुखानं घरात येतं.

एवढं सगळं करून वाचलेले पैसे जातात कुठे, हे शोधायला मी एकदा बसले. कुठेच सापडले नाहीत. साबणात वाचलेले कुठल्याशा खरेदीत विरघळून जायचे आणि महिनाअखेर शिल्लक होती तेवढीच. तेव्हापासून माझ्या तळापेक्षा खाली काही मिळालं की तो फरक त्याच संध्याकाळी दुसऱ्या खात्यात टाकते. रक्कम हास्यास्पद असते. बँकेच्या पासबुकात अशा चिल्लर नोंदींची रांग बघून एकदा काउंटरवरच्या बाईंनी विचारलंही, हे काय आहे? मी म्हटलं, साबण.

ताईनं परवा वही मागितली, फोटो काढून घेतले. खण रिकामा करणार का, असं मी विचारलं, तर म्हणाली, “वेडी का काय? आता मला कळेल कुठलं कूपन तळाच्याही खाली नेतं ते.”

यात चुकीचं काय आहे, ते मला अजून सांगता आलेलं नाही.